शिपायाचें काम आणि दप्तरांतील शब्द

मनुष्य प्रत्यक्ष काय करतो आणि तो काय करतो म्हणून कागदावर लिहिलेलें असतें, या दोन गोष्टी नेहमीं जुळतातच असें नाहीं. घरांत वडील माणसें हयात असतात, शेजारीपाजारी साक्ष द्यावयास असतात, तोंवर ही विसंगति कोणास जाचत नाहीं. परंतु जेथें माणसाची ओळख केवळ दप्तरावरूनच पटावयाची असते, तेथें कारकुनाच्या लेखणींतून उतरलेला एक शब्द साऱ्या तारुण्याची साक्ष फिरवूं शकतो. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या बाबतींत ही गोष्ट फार ठळकपणें दिसून येते. लढाईंत जें काम केलें तें दाखल्यांत नाहीं, आणि दाखल्यांत जें आहे तें कधीं केलेंच नाहीं, अशी तक्रार घेऊन पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आजही सरकारचें दार ठोठावीत असतात. त्यांचें म्हणणें काय, सरकार त्यांस कोणतें उत्तर देतें, आणि त्यांतून आपणां संसारी माणसांस घेण्याजोगें काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेच्या भूसैन्यांत प्रत्येक शिपायाच्या कामाला एक सांकेतिक अंक असतो. त्यास तिकडे एम्. ओ. एस्. म्हणतात. ११ बी म्हणजे पायदळाचा शिपाई. व्हिएतनाम युद्धाच्या काळीं ७१ बी म्हणजे टंकलेखन करणारा कारकून, आणि ९४ बी म्हणजे आचारी. नवा भरती झालेला तरुण प्रथम कवायत शिकतो, मग त्या त्या कामाच्या शाळेंत जातो, आणि तेथून बाहेर पडतांना लेखी हुकुमानें त्यास त्याचा अंक मिळतो. येथपर्यंत सारें शिस्तवार असतें. परंतु रणभूमीवर पोंचल्यावर अधिकारी अंक पाहत बसत नाहीं; त्या दिवशीं जेथें माणूस कमी, तेथें तो माणूस उभा करतो. कारकुनाच्या हातीं बंदूक येते, आचारी रात्रीच्या पहाऱ्यावर जातो. अशा रीतीनें शिपायाचा मूळ अंक एक राहतो आणि रोजचें काम दुसरेंच होऊन बसतें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर घरीं परतणाऱ्या शिपायांस सेवामुक्तीच्या दाखल्याबरोबर आणखी एक पत्रक देत असत. कोणतें काम किती महिने केलें आणि त्या कामांत काय काय करावें लागे, हें त्यांत साध्या भाषेंत लिहिलेलें असे. नागरी धंदा शोधतांना उपयोग व्हावा, हा त्यामागचा हेतु. १९५० पासून डीडी २१४ या नांवाचा दाखला प्रचारांत आला. व्हिएतनामच्या काळच्या दाखल्यांत शिपायाच्या मुख्य कामासाठीं एक लहानसा रकाना असे: अंक, नांव, आणि शेजारीं त्याशीं मिळताजुळता नागरी धंदा. दोनतीन वर्षांची सारी धकाधकी त्या रकान्यांत मावावयाची! शिवाय हा कागद हातीं पडतो तो घरीं जाण्याच्या ओढीच्या दिवशीं. वीसबावीस वर्षांच्या पोराचें मन आगगाडीकडे लागलेलें. तो कागद कितीसा वाचणार? सही करून तो मोकळा होतो, आणि दाखला पेटींत जाऊन पडतो.

हुद्दा आणि पराक्रम यांची फारकत जगाच्या डोळ्यांसमोर आली ती नौदलांतील डोरिस मिलर याच्या निमित्तानें. ता. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर जपानी विमानांचा हल्ला झाला, तेव्हां हा कृष्णवर्णी तरुण ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर भोजनगृहांतील वाढप्याच्या हुद्द्यावर होता. त्या काळीं नौदलांत कृष्णवर्णीयांच्या वांट्यास बहुधा अशींच कामें येत. मिलरनें जखमी लोकांस उचलून नेलें, आणि जी चालविण्याचें शिक्षण त्यास कोणीं दिलें नव्हतें, ती विमानविरोधी मशीनगन हातीं घेऊन शत्रूच्या विमानांवर गोळ्या झाडल्या. १९४२ मध्यें त्यास ‘नेव्ही क्रॉस’ हें मानाचें पदक मिळालें. नोव्हेंबर १९४३ मध्यें ‘लिस्कम बे’ ही नौका बुडाली तींत तो कामास आला. त्या वेळींही दप्तरीं तो आचारीच होता. पुढें २०२० मध्यें नौदलानें एका नव्या विमानवाहू नौकेस त्याचें नांव देण्याचें जाहीर केलें. मिलरचें भाग्य असें, कीं त्याचें कृत्य पाहणारे अधिकारी जिवंत राहिले, आणि वर्तमानपत्रांनीं त्याचा कैवार घेतला. ज्यांस असे साक्षीदार लाभले नाहींत, त्यांच्यापाशीं दाखल्यांतील रकान्यावांचून दुसरें काय उरतें?

आतां या रकान्यामुळें अडतें कोठें तें पाहूं. समजा, १९६८ सालीं एक तरुण कारकून म्हणून व्हिएतनामांत गेला. त्याची नेमणूक तोफखान्याच्या तुकडींत झाली. तोफेवरचीं दोन माणसें आजारी पडलीं, आणि पुढचे आठ महिने टंकयंत्र सोडून तो तोफेला गोळे पुरवीत राहिला. दाखल्यांत मात्र ७१ बी, कारकून! वार्धक्यांत त्यास नातवंडांचें बोलणें ऐकूं येईनासें झालें, कानांत रात्रंदिवस गुणगुण सुरू झाली, आणि त्यानें भरपाईसाठीं अर्ज केला. ही तक्रार लहानसान समजूं नये. माजी सैनिकांस ज्या व्याधींबद्दल भरपाई मिळते, त्यांत कानांतील गुणगुण आणि बहिरेपणा या अगदीं अग्रभागीं आहेत. कोणत्या कामांत कानांवर किती आवाज पडण्याचा संभव, याची एक यादीच सरकारच्या माजी सैनिक खात्यानें २०१० पासून वापरांत आणली. तींत तोफ चालविणारे वरच्या वर्गांत, तर कारकून खालच्या वर्गांत. यादी करण्यांत हेतु चांगलाच होता. ज्यांचें काम उघडच गोंगाटाचें, त्यांस पुराव्यासाठीं वणवण करावी लागूं नये. परंतु ज्याचा रकाना चुकला त्याच्या बाबतींत तीच यादी आडवी येते.

पैशाहून मानाची गोष्ट अधिक झोंबणारी. १९४३ मध्यें अमेरिकेनें पायदळाच्या लढवय्यांसाठीं एक खास चिन्ह काढलें: निळ्या पट्टीवर जुन्या धर्तीची बंदूक, आणि भोवतीं ओकच्या पानांचें वेष्टन. १९४४ मध्यें या चिन्हाबरोबर दरमहा दहा डॉलर अधिक वेतन देण्याचा कायदाही झाला. हें चिन्ह मिळण्यास तीन गोष्टी लागतात: पायदळाचा किंवा विशेष दलाचा अंक, तशा तुकडींत नेमणूक, आणि शत्रूशीं प्रत्यक्ष जमिनीवरची लढाई. यांतली पहिली गोष्ट नसेल, तर मनुष्य कितीही वेळ गोळीबारांत उभा राहिला असला तरी त्याचा उपयोग नाहीं. इतर कामांवरील लोक लढाईंत सांपडले, तर त्यांच्यासाठीं २००५ मध्यें निराळें चिन्ह निघालें खरें. पण तें १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या लढायांस लागू आहे. व्हिएतनामांत शिपायांबरोबर जंगल तुडविलेला कारकून दोहोंच्या मधल्या पोकळींतच राहिला.

यावर उपाय आहे काय? आहे, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४६ पूर्वीं एखाद्या शिपायाची नोंद सुधारावयाची, तर त्या एका माणसापुरता स्वतंत्र कायदा राष्ट्रीय विधिमंडळांत मंजूर करून घ्यावा लागे. ज्याची प्रतिनिधीशीं ओळख त्याचें काम व्हावें, बाकीच्यांनीं वाट पाहावी, असा प्रकार. १९४६ च्या कायद्यानें ही रीत बंद केली, आणि सैन्यखात्यांच्या प्रमुखांस नागरी सभासदांच्या मंडळांमार्फत नोंदी सुधारण्याचा अधिकार दिला. अर्जास फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. शिपाई वारला असल्यास त्याची पत्नी किंवा वारस अर्ज करूं शकतो. चूक लक्षांत आल्यापासून तीन वर्षांच्या आंत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायासाठीं आवश्यक वाटल्यास मंडळ ती मुदत माफ करूं शकतें. नोंद सुधारली तरी मूळ दाखला बहुधा रद्द होत नाहीं. त्यास २१५ क्रमांकाची पुरवणी जोडली जाते.

मंडळ दयाळू असलें तरी भोळें नाहीं. सरकारी दप्तर बरोबर आहे, या गृहीतावरच त्याच्या कामास आरंभ होतो. तें चुकीचें असल्याचें दाखविण्याचा भार अर्जदारावर. निकाल बहुधा कागदांवरूनच लागतो. समक्ष बोलावणें होईलच असा भरंवसा नाहीं. आमच्या मतें अशा अर्जांचे तीन वर्ग पडतात. हुकुमांत एक अंक आणि दाखल्यांत दुसरा, ही शुद्ध हातचूक. ती सुधारणें सोपें. अंक बदलल्याचा हुकूम निघाला, पण तो फाइलींत पोंचला नाहीं, हा दुसरा वर्ग. यांत हुकुमाची प्रत मिळाली कीं काम भागतें. तिसरा वर्ग सर्वांत अवघड आणि सर्वांत करुण: काम केलें, पण त्याचा हुकूम कधीं निघालाच नाहीं. येथें मंडळ म्हणतें, “आपण तोफेवर काम केलें हें आम्हीं मान्य करूं, परंतु त्यामुळें आपला मूळ अंक बदलला असें होत नाहीं.” तर्क पाहिला तर बिनतोड आहे. पण ज्यानें आठ महिने गोळे उचलले, त्याच्या मनाचें समाधान या तर्कानें कसें व्हावें?

पुराव्याची वाट मोठी बिकट असते. शिपायाच्या वैयक्तिक पत्रकांत कोणत्या तारखेपासून कोणतें काम याची नोंद असे. तें पहिलें शोधावें. कंपनीच्या रोजच्या हजेरीपत्रकांत कोण आला, कोण गेला, कोण रुग्णालयांत हें सांपडतें. एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं: तुकडीच्या एकाच हुकुमांत अनेकांचीं नांवें असत, आणि त्याच्या प्रती त्या सर्वांस मिळत. तेव्हां आपला हरवलेला हुकूम पन्नास वर्षांनंतर दुसऱ्याच गांवीं एखाद्या सोबत्याच्या पेटींत निघण्याचा संभव असतो. सोबत्यांचीं प्रतिज्ञापत्रें, आईस लिहिलेलीं तारीखवार पत्रें आणि छायाचित्रें, हींही उपयोगीं पडतात.

ज्येष्ठ पिढीवर तर निराळाच घाला पडला. ता. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई शहरालगतच्या राष्ट्रीय सेवा-दप्तराच्या इमारतींत सहाव्या मजल्यावर आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळांत भूसैन्यांतून मोकळे झालेल्यांच्या शेंकडा ८० नोंदी गेल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेंच नव्हत्या. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ शिपायांनीं आपला दाखला गांवच्या जिल्हा-कचेरींत नोंदवून ठेवला होता. ज्यांनीं ही तसदी घेतली, त्यांच्या मुलांनातवंडांस तेथून प्रत मिळाली.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे, कारण तो न कळल्यामुळें वृद्ध मनुष्य वर्षानुवर्षें चुकीच्या दाराशीं बसतो. नोंद सुधारणारें मंडळ आणि भरपाई देणारें खातें यांचे तराजू एक नाहींत. मंडळापुढें पारडें अर्जदाराच्या बाजूस स्पष्ट झुकावें लागतें. भरपाईच्या बाबतींत मात्र, सेवेचें स्थळ, प्रकार व परिस्थिति ध्यानांत घ्यावी, आणि दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा भरल्यास संशयाचा फायदा सैनिकास द्यावा, असें कायदाच सांगतो. सारांश, कानाच्या भरपाईसाठीं आधीं दाखला बदललाच पाहिजे असें नाहीं. तोफेवर काम केल्याचें पटविलें तरी पुरतें. मानचिन्हासाठीं मात्र मंडळाची पायरी चढणें बहुधा चुकत नाहीं.

कोणी म्हणेल, इतकी कसून तपासणी कशाला? म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. आमचेंही मन तिकडेच ओढ घेतें. तथापि न केलेल्या पराक्रमाची बढाई मारून लाभ उठविणारेही जगांत आहेत. कांहीं मानचिन्हांच्या बाबतींत असा लाभ उठविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. वयोमानाप्रमाणें स्मृतिही भाबडी होते. कागद नको असें म्हणणें म्हणजे खऱ्या शिपायाच्या चिन्हाची किंमत घालविणें होय. दोष कागद मागण्यांत नाहीं; ज्या दिवशीं काम बदललें त्याच दिवशीं त्याची नोंद न करण्यांत आहे. त्या दिवशींच्या अधिकाऱ्याची दोन ओळींची टाळाटाळ, आणि तिचें व्याज मात्र शिपायानें म्हातारपणीं भरावें, हा खरा अन्याय.

आपल्याकडे सरकारी नोकराचें सेवापुस्तक त्यास दरवर्षीं दाखवून सही घ्यावी असा नियम आहे. तो किती ठिकाणीं मनापासून पाळला जातो, आणि सही करणारा किती लक्ष देऊन वाचतो, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. घरांत कोणी सैन्यांत असो, कचेरींत असो वा परदेशीं नोकरीस असो, त्यास आमची एवढीच सूचना आहे: काम बदलल्याचा हुकूम लेखी मागावा, त्याची प्रत घरीं पाठवावी, आणि निरोपाच्या दिवशीं हातीं येणारा कागद वाचल्याखेरीज सही करूं नये. घरच्या मंडळींनींही जुनीं पत्रें रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांवरच्या तारखा एकदां पाहाव्यात. मुलानें आईस सहज लिहिलेली एखादी ओळ, “सध्यां मी तोफेवर आहें,” हीच पुढें त्याच्या वार्धक्याची एकमेव साक्ष ठरण्याचा संभव आहे.