सावलीत काय लावायचं?

हेमलॉक सावली सोसणारं सदाहरित झाड खरं, पण ते हिमालयासारख्या थंड डोंगरांतलं. आपल्या म्हसावदला उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. इथं ते टिकायचं नाही. मग घरामागच्या सावलीत आम्ही सुचवतो तो सीतेचा अशोक. रस्त्याकडेचा सरळसोट वाढतो तो खोटा अशोक. खऱ्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. हा मूळचा दमट रानातल्या मोठ्या झाडांखाली वाढणारा. म्हणून रोपाला सुरुवातीची वर्षं कडक ऊन लागू देऊ नका. आळ्यात पालापाचोळा पसरा, उन्हाळ्यात पाणी चुकवू नका, पण साचूही देऊ नका. बी ताजंच पेरा. औषधासाठी साल सोलून सोलून रानातला अशोक कमी होत चाललाय, तेव्हा दारी एक तरी जगवा.