आजोबांच्या फोटोतली चांदी

बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ओळखताना सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि फिकट पिवळा साका आला, की आपण वहीत ‘ब्रोमाइड’ लिहून मोकळे होतो. ती परीक्षानळी तशीच उन्हात ठेवली तर साका हळूहळू काळपट पडतो. त्याला मार्क नाहीत. पण विसाव्या शतकातले बहुतेक कृष्णधवल फोटो, म्हणजे आपल्या पणजी-आजोबांचेसुद्धा, या काळवंडण्यातूनच आले आहेत.

ब्रोमिन सापडलं 1826 मध्ये, फ्रान्समधल्या माँपेलिए गावी. आँत्वान बालार या 23 वर्षांच्या तरुणाने मीठ काढून उरलेल्या खाऱ्या पाण्यातून हा लालसर तपकिरी, उग्र वासाचा द्रव वेगळा केला. ‘ब्रोमोस’ म्हणजे ग्रीक भाषेत दुर्गंध. नाव त्यावरूनच पडलं.

पुढे 1839 मध्ये दागेरने आपली फोटोची पद्धत जाहीर केली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला आयोडिनची वाफ द्यायची आणि तो कॅमेऱ्यात ठेवायचा. पण चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. तेवढा वेळ पापणीही न हलवता कोण बसणार? 1840 मध्ये लंडनच्या जॉन गोडार्डने आयोडिनच्या जोडीला ब्रोमिनची वाफ दिली आणि वेळ मिनिटाच्या आत आला. माणसांचे फोटो काढणारे स्टुडिओ चालू लागले ते त्यानंतर.

मग ओल्या काचेचा जमाना आला. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे बाहेरगावी जाताना काळोखी तंबूही बरोबर हवा! आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय धावपळ होत असेल, कल्पना करा. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता लाला दीनदयाळ फोटोग्राफीकडे वळले ते याच काळात, 1874 च्या सुमारास. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचं त्यांना प्रोत्साहन होतं. पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले.

त्या तंबूतून फोटोग्राफरला सोडवलं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने. ओल्या काचेच्या कामातली ईथरची वाफ त्याच्या प्रकृतीला सोसेना, म्हणून त्याने जिलेटिनचा प्रयोग केला. जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण मिसळून काचेवर थर द्यायचा आणि वाळू द्यायचा. हे त्याने 1871 मध्ये प्रसिद्ध केलं. इतरांनी त्यात सुधारणा केल्या आणि काही वर्षांतच काचा तयार डब्यांत विकत मिळू लागल्या. माझ्या मते फोटोग्राफी घराघरांत पोचली ती कॅमेऱ्यापेक्षा या कोरड्या थरामुळे.

आत घडतं ते असं. उजेड पडला की ब्रोमाइडच्या कणात चांदीचे अगदी मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर मात्र तेवढी खूण ओळखून अख्ख्या कणाची चांदी करतो आणि उरलेलं ब्रोमाइड हायपोमध्ये धुऊन जातं. आजोबांच्या कोटाचा काळा रंग म्हणजे शाई नव्हे, चांदीच.

छापखान्यातल्या जुन्या माणसांना ‘ब्रोमाइड काढलं का?’ हा प्रश्न आजही आठवत असेल. ऑफसेटसाठी मजकूर आधी याच कागदावर उतरत असे.

घरच्या फोटोंकडे आता नीट बघा. कडेला निळसर, आरशासारखी चकाकी दिसली तर ती पृष्ठभागावर आलेली चांदी आहे. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. पावसाळ्यात जिलेटिन दमट होऊन फ्रेमच्या काचेला चिकटतं. असा फोटो ओढला तर चेहरा काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करा. आणि माळ्यावर जुन्या निगेटिव्हांचा डबा असेल, तर दिवाळीच्या सफाईत तो भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका.