पेशीतला निरोप आणि त्याचं गणित

पेशीने कधी दुभंगायचं, हे बरेचदा बाहेरून आलेला निरोप ठरवतो. पृष्ठभागावरचं ईजीएफआर हे प्रथिन तो टिपतं. मग रास, राफ, मेक आणि ईआरके अशा साखळीतून तो केंद्रकापर्यंत पोहोचतो. प्रत्येक टप्प्याचा वेग समीकरणात मांडला, की संगणकावर ही साखळी चालवून पाहता येते. १९९६ मध्ये हुआंग आणि फेरेल या संशोधकांनी तेच केलं. निरोप हळूहळू वाढवला, तरी शेवटचं प्रथिन दिव्याच्या बटणासारखं जवळजवळ एकदम चालू होतं, असं गणिताने सांगितलं. बेडकाच्या अंडपेशींच्या द्रावात ते खरंही ठरलं. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो.

काही कर्करोगांत हे बटण अडकून बसतं. राफच्या बी-राफ या प्रकारातल्या एका बदलामुळे साखळी निरोपाविनाच चालू राहते. व्हेमुराफेनिब हे औषध ती तोडतं. त्याने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी आक्रसल्या, पण तोच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फारसा उपयोग झाला नाही. का? एरवी साखळीचं शेवटचं टोक ईजीएफआरला लगाम घालतं. औषधाने साखळी थांबली, की लगामही सुटतो आणि ईजीएफआर पेशीला पुन्हा वाढायला लावतं; मेलानोमात ईजीएफआर फारसं नसतंच. २०१२ मध्ये हे उलगडलं ते प्रयोगशाळेत, संगणकावर नव्हे. पण असे उलटे दुवे किती जोराचे, कोणतं औषध किती द्यावं, हे कागदावर काढलेल्या साखळीच्या बाणांना सांगता येत नाही; तिथे समीकरणंच लागतात. २०२० मध्ये अमेरिकेत या आतड्याच्या कर्करोगासाठी दोन औषधांच्या जोडीला मान्यता मिळाली: एक बी-राफला रोखणारं, दुसरं ईजीएफआरला.