रात्रीचे वाचन, पडद्याचा उजेड आणि झोप

शनिवार आणि बुधवार पेठांच्या सीमेवरील अप्पा बळवंत चौक ही पुण्याची पुस्तकांची बाजारपेठ. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खेड्यापाड्यांतील मुलेमुली या पेठांतील अभ्यासिकांत दिवस काढतात आणि रात्री कॉट बेसिसवरील खोलीत परततात. दिवा मालवला तरी वाचन संपत नाही. शेजारच्या सोबत्याची झोप मोडू नये म्हणून पुस्तक मिटले जाते आणि मोबाइल उघडला जातो. वसतिगृहातून घरी आलेली मुलेही सुट्टीत असेच वाचतात. त्यामुळे ‘ई-रीडर घ्यावा का, आणि घेतल्यास कोणता?’ हा प्रश्न पालक व माजी विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी उजेडाचा झोपेशी असलेला संबंध समजून घेणे आवश्यक आहे.

आपल्या नेत्रपटलात दृष्टीच्या पेशींखेरीज काही वेगळ्या पेशी असतात. बाहेर दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात. निळसर उजेड त्यांना सर्वाधिक उत्तेजित करतो. रात्री अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व शरीर झोपेच्या तयारीला लागते. अशा वेळी डोळ्यांसमोर प्रखर पडदा धरला, तर मेंदू अजून दिवस असल्याचे समजतो. लहान मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक आणि बाहुली मोठी असल्याने हा परिणाम त्यांच्यावर अधिक होतो.

अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी याबाबतचा एक प्रयोग २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. बारा निरोगी तरुणांनी पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास टॅबवर वाचन केले आणि तितक्याच रात्री मंद दिव्याखाली छापील पुस्तक वाचले. टॅबवर वाचले तेव्हा मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले, झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि शरीराचे घड्याळ जवळपास दीड तास मागे पडले. सकाळची तरतरीही उशिरा आली. प्रयोगातील व्यक्ती थोड्या होत्या व पडदा पूर्ण प्रखर ठेवला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे.

ई-इंक पडद्याचे ई-रीडर या बाबतीत मोबाइल व टॅबहून वेगळे असतात. त्यांच्या पडद्यात काळ्या व पांढऱ्या रंगकणांनी भरलेल्या सूक्ष्म कुप्या असतात. विद्युत्भारानुसार कण वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान टिकवण्यास वीज लागत नाही, म्हणून बॅटरी अनेक दिवस पुरते. हा पडदा स्वतः प्रकाशत नाही, कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परावर्तित करतो. अलीकडच्या बहुतेक ई-रीडरमध्ये कडेला छोटे दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, थेट डोळ्यांवर रोखलेला नसतो. मात्र तोही शेवटी उजेडच आहे. रात्री तो अगदी मंद ठेवावा. पिवळसर छटेची सोय असलेले उपकरण मिळाल्यास उत्तम.

निवड करताना आपण काय वाचणार, हे प्रथम ठरवावे. कथा-कादंबऱ्या व चरित्रे वाचायची असल्यास सहा-सात इंची पडदा पुरतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे खंड पीडीएफ स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. परंतु पीडीएफचे मोठे पान लहान पडद्यावर आक्रसते आणि अक्षरे बारीक होतात. अशा वाचनासाठी दहा इंची पडदा हवा, आणि तो बराच महाग असतो. ईपब स्वरूपातील पुस्तकाची अक्षरे मात्र हवी तेवढी मोठी करता येतात.

मराठी वाचकाने आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, देवनागरी नीट उमटते का. ‘प्रज्ञा’, ‘राष्ट्र’, ‘आर्द्र’ असे शब्द उघडून पाहावेत. दर इंचास ३०० ठिपक्यांचा पडदा असेल तर रफार व वेलांट्या सुस्पष्ट दिसतात. दुसरी, हवी ती पुस्तके त्यावर मिळतात का. काही मराठी ई-पुस्तके विक्रेत्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात, आणि ते ॲप प्रत्येक ई-रीडरवर चालत नाही.

ई-रीडरचा मोठा गुण त्याच्या उणिवेत आहे. त्यावर संदेश खणखणत नाहीत, चित्रफिती एकामागून एक धावत नाहीत. मोबाइलचा पडदा पिवळसर केल्याने हे मनाचे जागरण थांबत नाही. आणि ज्याला ई-रीडर परवडत नाही त्याने खंत करू नये. जुन्या बाजारात अर्ध्या किमतीत मिळणारे पुस्तक आणि मंद दिवा ही झोपेच्या दृष्टीने आजही उत्तम जोडी आहे.

आपल्या समाजात जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेबांच्या ज्ञाननिष्ठेला ते अभिवादन आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्टही सोबत स्मरावी. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवून त्याच्या जागी आडवे होत. जागा एकच होती, दिवा एकच होता, तरी मुलाच्या झोपेचा वाटा त्या पित्याने राखून ठेवला होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास, तर प्रौढांना किमान सात तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाचलेले मनात पक्के होण्याचे काम याच झोपेत घडते. भगवान बुद्धांनी मैत्रीभावनेची अकरा फळे सांगितली, त्यांत पहिले फळ सुखाची झोप हे आहे. म्हणून घरात एक नियम असावा: निजण्यापूर्वी तासभर मोबाइल अंथरुणापासून दूर, चार्जिंगला. ई-रीडर किंवा पुस्तक उशाशी असण्यास हरकत नाही. हा नियम मुलांआधी पालकांनी पाळावा.