नंबर लावायचा की तिकीट फाडायचं?

इन्स्टावरून सुरू झालेलं तुमचं दुकान आता साइटवर गेलंय? वस्तूंबरोबर तुमचा वेळ आणि वर्कशॉपही विकायचंय? मग दिसेल ते बुकिंगचं टूल साइटवर टाकण्याआधी एवढं वाचाच!

डॉक्टरकडे आपण नंबर लावतो आणि नाटकाचं तिकीट काढतो. 'डॉक्टरांचं तिकीट काढलं' असं कुणी म्हणत नाही, आणि 'नाटकाला नंबर लावला' असंही नाही. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी तो पक्का माहीत असतो. डॉक्टर एक, त्यांच्यासमोर एका वेळी पेशंट एक. तुम्ही सहाला गेलात तर सहाची वेळ दुसऱ्या कुणाला मिळत नाही. नाटकाचं तसं नसतं. प्रयोगाची तारीख आणि वेळ नाट्यगृहाने आधीच ठरवलेली असते. आपल्याला फक्त प्लॅनवर खुर्ची बघायची असते. आपण एक खुर्ची घेतली म्हणून प्रयोग बंद होत नाही, उरलेल्या खुर्च्या विकल्या जातच राहतात.

तुम्ही म्हणाल, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. कबूल! पण हाच फरक ऑनलाइन दुकानात आला की भलेभले गोंधळतात. कारण टूल विकणारा प्रत्येक जण 'बुकिंग' हाच शब्द वापरतो.

एक दुकान, तीन माल

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही मेंदी काढता. घरी बनवलेले कोन ऑनलाइन विकता. लग्नसराईत नवरीच्या मेंदीच्या ऑर्डरी घेता. आणि महिन्यातून एका रविवारी छोटा हॉल घेऊन वीस जणींना मेंदी शिकवता.

दुकान एकच, पण त्यात माल तीन प्रकारचा आहे.

कोन ही वस्तू. पन्नास आहेत, पन्नास विकले की संपले. त्यासाठी साधं ऑनलाइन दुकान पुरतं.

नवरीची मेंदी म्हणजे तुमचा वेळ. चार-पाच तास तुम्ही दुसरीकडे कुठेच नसता. शिवाय ठाण्याहून डोंबिवलीला जायचं-यायचं ते वेगळंच. इथे अपॉइंटमेंटचं टूल लागतं.

रविवारचं वर्कशॉप म्हणजे जागा. तारीख तुम्ही ठरवली, हॉल तुम्ही घेतला, आता वीस सीट भरायच्यात. इथे तिकिटाचं टूल लागतं.

उलटं टूल लावलं की लोच्या

नवरीच्या मेंदीसाठी तिकिटाचं टूल लावलं तर काय होईल? तुम्ही 'शनिवार, मेंदी, ३ तिकिटं' असं टाकाल. तिघी पैसे भरतील. मग व्हॉट्सअॅपवर तिघीही म्हणतील, 'ताई, अकराला या ना!' टूलची यात चूक नाही. त्याने तीन तिकिटं विकायची होती, ती विकली. अकरा ते चार तुम्ही एकीकडेच असणार आहात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आता उलटं बघा. वर्कशॉपला अपॉइंटमेंटचं टूल लावलं. पहिल्या मुलीने रविवारी चार ते सहाची वेळ घेतली. टूल म्हणालं, वेळ गेली, दार बंद! हॉल वीस जणींचा, नोंदणी एकीची. दुसरी येऊन बघते तर 'उपलब्ध नाही'. तुम्हाला वाटत राहतं, यंदा प्रतिसादच नाही.

बरं, सेटिंग बदलून एका वेळेत वीस जणी घेता येतील असं केलंत, तरी एक अडचण राहते. एकीने चार मैत्रिणींचे पैसे भरले तर साध्या अपॉइंटमेंटच्या टूलकडे नाव आणि फोन एकीचाच असतो. बाकीच्या तिघी कोण, दारात ओळखायच्या कशा? तिकिटाच्या टूलमध्ये प्रत्येक तिकिटाला वेगळं नाव आणि वेगळा क्यूआर कोड देता येतो.

मग मधलं काय?

काही गोष्टी मधल्या असतात. उदाहरणार्थ, दर शनिवारी-रविवारी चार-चार जणींच्या छोट्या बॅच. ही अपॉइंटमेंट की इव्हेंट?

स्वतःला एक प्रश्न विचारा : तारीख कोण ठरवतं? तुमच्या मोकळ्या वेळांतून गिऱ्हाईक आपली वेळ निवडत असेल तर ते अपॉइंटमेंटचं काम. फक्त एका वेळेत चार जणी घेऊ देणारं टूल हवं. तारीख तुम्ही जाहीर करता आणि लोक त्याप्रमाणे येतात, तर ते तिकिटाचं काम.

आणि दुसरा प्रश्न : एकही जण आला नाही तर तुमचं नुकसान काय? अपॉइंटमेंट कुणी घेतलीच नाही तर तुम्ही त्या वेळेत अभ्यास कराल. वर्कशॉपला कुणी आलं नाही तरी हॉलचं भाडं गेलंच. जिथे आधी पैसे अडकवावे लागतात, ते तिकिटाचं प्रकरण समजा.

पैशांचं गणित

समजा, तिकीट ५०० रुपये. वीस जणी म्हणजे १०,००० रुपये. हॉल ३,०००. प्रत्येकीचं साहित्य १५० प्रमाणे ३,०००. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ रुपये. हातात उरले ३,७६४.

आता आदल्या रात्री तिघींनी 'जमत नाही' म्हणून पैसे परत मागितले आणि तुम्ही भिडेखातर दिले. १,५०० गेले. हॉल घेतलेला, साहित्य आणलेलं, आणि पैसे परत केले तरी गेटवे आधी कापलेली फी सहसा परत देत नाही. उरले २,२६४. म्हणजे वीसपैकी फक्त तिघी गळल्या, पण तुमची कमाई ४० टक्क्यांनी उतरली!

म्हणून वर्कशॉपला पैसे पूर्ण आणि आधी घ्या. मात्र तिकीट मैत्रिणीच्या नावावर करायची सोय ठेवा. येणारी बदलली तरी खुर्ची भरलेली राहते. वेटिंग लिस्ट ठेवता आली तर अजून छान.

अपॉइंटमेंटला हे चालत नाही. लग्नाच्या आदल्या दिवसाची वेळ ऐनवेळी दुसऱ्या नवरीला विकता येत नाही. तिथे अॅडव्हान्स घ्या, आणि 'इतके दिवस आधी कळवलं तर तारीख बदलून मिळेल, नंतर अॅडव्हान्स परत नाही' हे पैसे भरायच्या पानावरच लिहा. आणि हो, दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये प्रवासाचा वेळ आपोआप सोडणारं टूलच घ्या. ही सोय नसेल तर टूल कितीही भारी दिसू दे, सोडून द्या.

टूल कोणतं?

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर दुकानासाठी बहुतेक वेळा वूकॉमर्स असतं. ते फुकट आहे. त्यावर 'वूकॉमर्स बुकिंग्ज' हे पैसे देऊन घ्यायचं एक्स्टेन्शन वेळ विकण्यासाठी आहे. त्यात मधला मोकळा वेळ, एका वेळेत किती जण आणि गुगल कॅलेंडरशी जोडणी, हे सगळं मिळतं. 'फूइव्हेंट्स' हे प्लगइन वूकॉमर्सच्या वस्तूलाच तिकीट बनवतं आणि दारात तपासायला अॅपही देतं. 'अमेलिया'मध्ये अपॉइंटमेंट आणि इव्हेंट दोन्ही आहेत. दुकान शॉपिफायवर असेल तर त्यांच्या अॅप स्टोअरमध्ये दोन्ही प्रकारची अॅप्स आहेत. तिथे शोधताना फक्त 'बुकिंग' असं टाकू नका, नेमकं अपॉइंटमेंट किंवा इव्हेंट असं टाका.

पण थांबा. वर्षातून दोनच वर्कशॉप घेता? मग कदाचित कुठलंच टूल नको. दुकानात 'मेंदी वर्कशॉप' ही एक वस्तू टाका, तारखा म्हणजे तिचे प्रकार आणि प्रत्येक तारखेला स्टॉक २०. वीस विकल्या की दुकान स्वतःच 'संपलं' म्हणेल. नावं मात्र हाताने विचारावी लागतील. अपॉइंटमेंटही महिन्याला दोन-चारच असतील तर गुगल कॅलेंडरवर साध्या खात्यातूनही बुकिंगचं एक पान फुकट बनवता येतं. त्यावर पैसे घेता येणार नाहीत, अॅडव्हान्स यूपीआयने वेगळा मागा.

खर्चाची रीतही वेगळी असते. अपॉइंटमेंटची टूल्स बहुधा महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे घेतात, धंदा होवो न होवो. तिकिटाच्या साइट्स बहुधा दर तिकिटामागे कापतात. वर्षाला चाळीस तिकिटं असतील तर दर तिकिटामागे कापलेलं परवडतं. आठवड्याला चाळीस असतील तर वर्षाचं लायसन्स स्वस्त पडू शकतं. गणित स्वतः मांडा, आणि परदेशी टूलचं लायसन्स डॉलरमध्ये असतं, तेही धरा.

यूपीआय चालतं का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. अनेक परदेशी टूल्सच्या फुकट आवृत्तीत पैसे घ्यायला पेपाल आणि स्ट्राइप एवढेच पर्याय असतात. पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. स्ट्राइप भारतात नवीन खाती सरसकट उघडून देत नाही. म्हणजे टूल फुकट, पण पुण्यातल्या मुलीचे ५०० रुपये त्यातून घेता येत नाहीत! वूकॉमर्सच्या दुकानातूनच तिकीट विकणारं टूल असेल तर रेझरपेसारखा भारतीय गेटवे जोडता येतो आणि यूपीआय आपोआप मिळतं.

शेवटची सीट दोघींना

तिकिटांची आणखी एक गंमत म्हणजे गर्दी एकदम येते. कोल्डप्लेचं आठवतंय ना? २२ सप्टेंबर २०२४ ला नवी मुंबईच्या शोची विक्री उघडली आणि बुक माय शोची साइट आणि अॅप काही वेळ बंदच पडलं. मग लाखोंची ऑनलाइन रांग लागली, आणि मूळच्या दोन शोंना तिसरा जोडावा लागला. तुमच्या वीस सीटना लाखो येणार नाहीत. पण तुम्ही स्टोरी टाकली की पहिल्या पाच मिनिटांतच तीस जणी येऊ शकतात.

अशा वेळी शेवटची सीट दोघींना विकली जाणं हा सगळ्यात वाईट लोच्या. ऑर्डर दिली पण पैसे भरले नाहीत, तर सीट किती वेळ अडकवून ठेवायची, याचं सेटिंग बघा. वूकॉमर्समध्ये ते सुरुवातीला ६० मिनिटांवर असतं. कोन विकायला ठीक आहे, पण वर्कशॉपसाठी ते पंधरा-वीस मिनिटांवर आणा. नाहीतर पैसे न भरणाऱ्या पाच जणी तासभर पाच सीट अडवून बसतील आणि खरंच यायचंय त्या निघून जातील.

न्यू जर्सीची मावशी

ऑनलाइन क्लास घेत असाल तर घड्याळाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे वर्षभर वेळ एकच. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. आपल्या रविवारी रात्री आठला न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. टूल समोरच्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मावशी नोव्हेंबरात तासभर उशिरा लॉगिन होणार, आणि तोवर तुमचा क्लास संपलेला असणार.

दारात उभं राहताना

कॉलेजच्या फेस्टला व्हॉलंटियर म्हणून गेटवर उभे राहिलेल्यांना हे सांगायला नको. एकाच क्यूआरचा स्क्रीनशॉट चौघांकडे असतो. 'हे तिकीट आधीच वापरलंय' असं स्कॅन करताच सांगणारं टूल हवं. बेसमेंटमधल्या हॉलला रेंज नसते, म्हणून नेटशिवाय स्कॅन होतं का ते आधी तपासा, आणि नावांची यादी कागदावर छापून खिशात ठेवाच.

ती यादी मात्र जपा. वीस मुलींची नावं आणि फोन नंबर तुमच्या विश्वासावर दिलेले असतात. ते न विचारता ग्रुपवर टाकू नका. गरज नसेल ती माहिती मागूच नका. वर्कशॉपला जन्मतारीख कशाला हवी? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये आपल्याकडे कायदाही झालाय.

पैसे भरण्याआधी हे करून बघा

* मी वेळ विकतोय की जागा, हे एका वाक्यात कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर अजून टूल घेऊ नका.
* ट्रायल सुरू करा आणि स्वतःच्याच दुकानातून एक रुपयाचं बुकिंग करा. मग ते रद्द करा. पैसे परत यायला किती दिवस लागतात ते मोजा.
* एकच सीट ठेवून दोन मोबाइलवरून एकाच वेळी ती घ्यायचा प्रयत्न करा. दोघांना मिळाली तर ते टूल बाद!
* गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते का बघा. उद्या टूल सोडलंत तर माणसं तुमच्याकडे राहिली पाहिजेत.
* शेवटी फोन आईच्या किंवा आजीच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांना न विचारता बुकिंग करता आलं तर बिनधास्त पैसे भरा.