वाघ, बांबू, बाळं आणि तर्काची हमी

ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या एखाद्या गावात सांजेला ढोर परतलं नाही, तर निष्कर्ष लगेच निघतो: वाघ ढोरं नेतो, आपलं ढोर गेलं, म्हणजे वाघानंच नेलं. ऐकायला हा तर्क पक्का वाटतो, पण तो पक्का नाही. ढोर बिबटही नेतो, कधी ते वाटही चुकतं. पहिली दोन्ही विधानं खरी असूनही तिसरं खोटं निघू शकतं. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा तर्कांवर माणसांचा जीव, पोट आणि हक्क अवलंबून असतात. म्हणून निगामी आणि विगामी युक्तिवादातला फरक मला केवळ तर्कशास्त्राच्या पेपरातला प्रश्न वाटत नाही.

गैरसमज: निगामी तर्क नियमाकडून उदाहरणाकडे जातो, विगामी उदाहरणाकडून नियमाकडे

डी.एड., बी.एड. करताना उद्गामी आणि अवगामी अध्यापन पद्धती अशाच शिकवल्या जातात. वर्गात शिकवण्यासाठी ते ठीक आहे, पण युक्तिवाद ओळखायला ही खूण पुरत नाही. ‘गेले तीन उन्हाळे या पाणवठ्यावर वाघ आला, तेव्हा यंदाही येईल’ यात नियम कुठंच नाही, तरी तर्क विगामी आहे. ‘सगळे वाघ मार्जार कुळातले, मार्जार कुळातले सगळे प्राणी मांसाहारी, म्हणून सगळे वाघ मांसाहारी’ यात एकही सुटं उदाहरण नाही, तरी तर्क निगामी आहे.

खरा फरक हमीचा आहे. आधारविधानं खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, असा दावा निगामी युक्तिवाद करतो. निष्कर्ष बहुधा खरा असेल, एवढंच विगामी युक्तिवाद म्हणतो. ‘बहुतेक वाघ माणसाला टाळतात, म्हणून हाही टाळेल’ हा तर्क सर्वसाधारण विधानाकडून एका वाघाकडे येतो, तरीही तो विगामीच आहे. पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईच्या दृष्टीनं त्यातला ‘बहुतेक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. वाघ सहसा माणसाला टाळतो हे खरं असलं, तरी एकटीनं जाऊ नका, गटानं जा हा सल्ला या ‘बहुतेक’मुळंच आवश्यक ठरतो.

गैरसमज: तर्क बिनचूक असेल तर निष्कर्ष खराच

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं या प्रश्नावर प्रत्यक्ष लढा दिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येत बांबूचा समावेश होता, आणि तोडलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड असं त्याच कायद्यानं ठरवलं होतं. त्यावरून साखळी अशी लागायची: बांबू झाड आहे, तोडलेलं झाड इमारती लाकूड आहे, इमारती लाकडावर वनखात्याचं नियंत्रण आहे, म्हणून तोडलेल्या बांबूवरही वनखात्याचं नियंत्रण. या साखळीत एकही कडी तुटलेली नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत हा युक्तिवाद वैध आहे.

पण वैध म्हणजे खरा नव्हे. आधारविधानं मान्य केली तर निष्कर्ष मान्य करावा लागेल, इतकंच वैधता सांगते. आधारविधानं मान्य करावीत की नाही, हा प्रश्न ती सोडवत नाही. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू गवताच्या कुळातला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात बांबूचं नाव स्पष्टपणे घातलं आणि गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली. मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यावर अडचण उभी राहिली. जुन्या व्याख्येचा निष्कर्ष अजून कारभार चालवत होता.

गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी वाद घातला तो नेमक्या पहिल्या विधानावर. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढं २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून ‘बांबू’ वगळला गेला. एक आधारविधान काढलं आणि अख्खी साखळी गळून पडली. कुणी नियम पुढं करून ‘म्हणून तुम्हाला मिळणार नाही’ म्हणतं, तेव्हा आपण बहुधा निष्कर्षाशीच भांडत बसतो. मेंढाच्या लोकांनी पहिल्या विधानाचा कागद मागितला, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

गैरसमज: विगामी तर्क म्हणजे अंदाजपंचे, दुय्यम

याचं उत्तरही गडचिरोलीतच आहे. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की उपचार रुग्णालयातच, असं नव्वदच्या दशकात मानलं जाई. त्यातून निघणारा निष्कर्ष निष्ठुर होता: गावाजवळ रुग्णालय नाही, म्हणून ही बाळं वाचणार नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हे पहिलं विधान तपासायला घेतलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ऊब आणि स्तनपान पाहत, संसर्गाची लक्षणं ओळखत आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत.

३९ गावांत हे काम झालं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे २५ वर आला. पण एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर कुणीही विचारलं असतं: काळ सुधारला असेल, रस्ते झाले असतील, पीकपाणी बरं झालं असेल? म्हणून तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती, जिथं हा कार्यक्रम नव्हता. तिथला दर हजारी साठीच्या आसपासच राहिला. पर्यायी कारणांना फारशी जागा उरली नाही. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

हा तर्क विगामी आहे. त्याचा निष्कर्ष तत्त्वतः चुकू शकतो. तरीही तो त्या वेळच्या ‘रुग्णालयाशिवाय नाही’ या वैध युक्तिवादापेक्षा कितीतरी भरवशाचा ठरला, कारण त्या युक्तिवादाचा पायाच खोटा निघाला. गडचिरोलीत जमलं ते इतरत्र जमेल का, हा पुन्हा नवा विगामी प्रश्न. म्हणून ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी तो वेगळा तपासला गेला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची पाहणी करतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं मूळ इथं आहे.

गैरसमज: उदाहरणं जितकी जास्त, तितका तर्क मजबूत

वाघांची गणना पूर्वी पाऊलखुणांवरून व्हायची. ठसे ढीगभर जमत. पण एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा उमटतो, आणि तो कुणाचा हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरे. ठशाचं वाघाशी असलेलं नातंच कच्चं असेल, तर हजार ठसेही निष्कर्षाला बळ देत नाहीत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री वाघ होते, आणि २००५ मध्ये तिथं एकही उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅपची पद्धत आली.

या पद्धतीत दोन्ही तर्क एकत्र काम करतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. डाव्या कुशीच्या दोन फोटोंत पट्टे जुळले नाहीत तर ते दोन वाघ, हा निगामी निष्कर्ष. कॅमेऱ्यासमोर न आलेले किती असतील, हा मात्र विगामी अंदाज. म्हणून अहवालात संख्येसोबत खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. बातमीत बहुतेकदा मधला एकच आकडा येतो आणि वाचणाऱ्याला तो एकेक करून मोजलेला वाटतो. दोन्ही मर्यादा छापायला फार तर एक ओळ जास्त लागेल, आणि जंगलाकाठी राहणाऱ्याला त्या कळायलाच हव्यात.