शिडाचे जहाज, आगबोट आणि विद्यार्थ्याचे प्रवासवृत्त

एकोणिसाव्या शतकातील परदेशगमनाच्या वृत्तांतांचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा परभूमीच्या वर्णनावर केंद्रित होते. सागरप्रवासाकडे केवळ प्रास्ताविक म्हणून पाहिले जाते. वस्तुतः शिक्षणासाठी निघालेल्या तरुण प्रवाशाच्या वृत्तांतात पणाला काय लागले आहे, हे या प्रवासाच्या संदर्भातच उलगडते. प्रस्तुत लेखात दोन कालखंडांच्या आधारे हे स्पष्ट करावयाचे आहे.

मुंबईच्या वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन पारशी तरुण जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी १८३८ मध्ये शिडाच्या जहाजाने इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वीचा संपूर्ण सागरी मार्ग आफ्रिकेला वळसा घालून जाई. विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे, कित्येक महिने समुद्रावर जात आणि पोहोचण्याचा दिवस वाऱ्यावर अवलंबून राही. या दोघांच्या बाबतीत विशेष असे की, प्रवासाचे साधन हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या होत्या. १८१७ मधील ‘त्रिंकोमाली’ ही त्यांपैकीच एक. परंतु १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईतच बांधलेली आगबोट सुएझपर्यंत जाऊन आली होती. म्हणजे शिडाच्या जहाजातून निघालेले हे विद्यार्थी शिडाचा काळ मावळताना पाहत होते. लंडन येथे १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात ‘आम्ही’ असे संयुक्त निवेदन आहे. त्या ‘आम्ही’मागे एक घराणे, त्याची कारागिरी आणि तिच्या भवितव्याची चिंता उभी आहे.

१८८३ मध्ये चित्र पालटलेले दिसते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. आता आगबोट होती, वेळापत्रक होते. वाऱ्याची अनिश्चितता ओसरली होती. तथापि समुद्रोल्लंघनाचा धार्मिक निषेध, बहिष्कार व प्रायश्चित्त हे प्रश्न कायम होते. म्हणूनच आनंदीबाईंना निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आपल्या जाण्याची कारणे द्यावी लागली आणि हिंदू म्हणूनच परतण्याची ग्वाही द्यावी लागली. रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखनही केवळ वर्णन नव्हे. त्यात आपल्या निर्णयाचे समर्थन आहे. येथे निवेदक ‘मी’ आहे. हा ‘मी’ समाजासमोर उत्तर देण्यासाठी उभा आहे.

दोन्ही कालखंडांतील भेद केवळ साधनाचा नाही. पारशी तरुणांपुढे ‘काय शिकावे’ हा प्रश्न होता. या दोन स्त्रियांपुढे त्याआधी ‘जावे की न जावे’ हा प्रश्न होता. वाफेच्या शक्तीने प्रवासाचे महिने कमी केले, पण घराचा उंबरठा ओलांडण्याची किंमत कमी केली नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या प्रारंभीच्या इतिहासात स्थलवर्णनाबरोबर आत्मसमर्थनाचा सूर का मिसळला, याचे एक कारण येथे सापडते. हे लेखन अध्यापनासाठी निवडताना बंदर सोडण्यापूर्वीचा मजकूर गौण मानून वगळू नये. त्या लेखनातील संघर्षाची मुळे बहुधा तेथेच असतात.